शेवटची आठ पानं

दोंडाईचा स्टेशनात पहाटे उतरलो
आणि पहिल्याच श्वासाला शिंकलो.
"मिरची, सर," न्यायला आलेले बागुल गुरुजी म्हणाले,
घरातल्या वडीलधाऱ्याची ओळख करून द्यावी तसे.
रस्त्याच्या दोन्ही अंगांना ती पसरली होती,
लाल, दवानं जड, उन्हाची वाट बघत.
सात शिंका आल्या. गुरुजी मोजत होते.

बालसाहित्य महोत्सव. मंडप कुणाच्या तरी लग्नातला,
कमानीवर 'चि. सौ. कां.' तेवढं उरलेलं.
नऊ शाळांची पोरं सतरंज्यांवर,
पाण्याच्या टाकीपाशी चपलांचा डोंगर.
आम्ही तिघे पाहुणे.
प्रधानबाईंनी कविता नाचून म्हटल्या,
कुलथ्यांच्या बोलक्या माकडानं
सरपंचांची टोपी पळवली,
आणि त्यानंतर मी.
माझ्याकडे एक गोष्ट होती
आणि घशात थोडी मिरची.

"'घंटा पळाली' कुणी कुणी वाचलंय?"
अख्ख्या मंडपाचे हात वर.
मी हरखलो. गुरुजी कानाशी आले:
"प्रत एकच आहे, सर. पेटीतली.
केंद्रप्रमुखांच्या मोटरसायकलवरून गावोगाव फिरली.
आणि तिला, म्हणजे,
शेवटची आठ पानं नाहीत. बांधणाऱ्याची चूक."
"मग शेवट?"
"शेवट पोरांनी केले."

केले. अनेकवचनात.

भावेश ठेलारी उठला:
घंटा मेंढीच्या गळ्यात गेली,
आता ती चालते तेव्हाच वाजते, कुणी वाजवून नाही.
वेदिका गिरासे म्हणाली, छे,
सारंगखेड्याच्या बाजारात एका पांढऱ्या घोडीनं
तिला स्वतः पसंत केलं, दातांनी उचलून.
एकाच्या मते ती तापीत पडली,
पुलाखाली कान लावला तर माशांची शाळा सुटलेली ऐकू येते.
(तो कान लावून आला होता.)
एक बारका नुसताच म्हणाला, "वितळनी,"
आणि खाली बसला.

"आता खरा सांगा," सगळे म्हणाले.

मी सांगितला.
बावीस वर्षं सांगतोय, पाठ आहे:
घंटा दमते, तिला शाळेची आठवण येते,
ती परत येते, आपल्या खिळ्यावर आपणच टांगून घेते,
मुलं टाळ्या वाजवतात.
इथं मी थांबतो. इथं टाळ्या येतात.

मंडपामागे कुणी बाई मिरच्या खालीवर करत होती,
तिच्या दाताळ्याचा आवाज तेवढा आला.

मग शेवटच्या रांगेतून, उभी न राहताच,
दीपाली मालचे:
"मंग ती पळनी कसाले?"

कसाले.
मी पुस्तक उघडलं, जणू उत्तर तिथं असेल.
होतं. बाराव्या पानावर माझ्याच हातचं:
'रोज टोले खाऊन तिच्या कडा दुखत.'
हे लिहिलं, आणि आठ पानं पुढं
तिला पुन्हा खिळ्यावर नेऊन लटकवलं,
वर टाळ्या मागितल्या.

दुपारी सहीसाठी ती प्रत पुढं आली.
कव्हर खाकी, कोपरे केळ्याच्या डागांनी मऊ,
आणि जिथं पुस्तक तुटतं तिथून पुढं
खळीनं चिकटवलेले दुरेघी कागद,
पेन्सिलीत, आकडे घालून, एकापुढे एक शेवट.
पुस्तक माझ्यापेक्षा जाड झालं होतं,
म्हणजे मी लिहिलं होतं त्यापेक्षा.

"सही कुठं करू?"
दीपालीनं कोरा कागद पुढं केला.
"सही नको. तुमी बी लिखा.
पन रांगमा. तुमना नंबर सव्वीस शे."

मी पेन्सिल मागून घेतली. पंचवीस वाचले.
माझा पाठ असलेला आता कुठेच बसेना.

जेवणाची वेळ झाली तेव्हा
शाळेच्या कडुलिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यापाशी
एक मुलगा हातोडी घेऊन गेला,
माझ्याकडे बघितलं, रुळाकडे बघितलं,
आणि हलकेच,
अगदी बोटानं दार वाजवावं तसा
एक टोला दिला.
अर्ध्या पोरांना तो ऐकूच गेला नाही.